फुलमेटल अल्केमिस्ट : स्कारशिवाय ही गोष्ट उभी राहते का?

मुठाकाठ (धागाकर्ती)

स्कार हे पात्र काढून टाकलं तरी ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही मंगा (जपानी चित्रकथा) तेवढीच चांगली राहिली असती, असं परवा पु. ल. देशपांडे उद्यानात जमलो होतो तेव्हा दोघातिघांचं मत पडलं. बाग बंद व्हायची वेळ झाली आणि बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून हा धागा. माझं मत बरोबर उलट आहे. स्कार काढला तर एड आणि अल या दोन भावांची गोष्ट उरेल, पण ते ज्या देशात राहतात त्या देशाची गोष्ट संपेल.

आधीच सांगते : सगळे २७ खंड वाचून झाले नसतील तर इथेच थांबा. पुढे शेवटापर्यंतचं सगळं येणार आहे.

ज्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी वाचलंय त्यांच्यासाठी थोडक्यात उजळणी. हिरोमु अराकावाची ही मंगा २००१ ते २०१० या काळात ‘गेक्कान शोनेन गांगान’ मासिकात आली, एकूण १०८ प्रकरणं. स्कार पहिल्यांदा भेटतो तो खुनी म्हणून. चेहऱ्यावर फुलीसारखा व्रण, लाल डोळे, आणि उजव्या हाताने नुसतं धरलं की समोरचा माणूस संपला. तो सरकारी अल्केमिस्ट, म्हणजे पदार्थ मोडून नव्याने घडवायची विद्या जाणणारे, वेचून वेचून मारतो. कारण नंतर उलगडतं. तो त्याच देशातल्या इश्वाल प्रांताचा धर्मयोद्धा. १९०१ मध्ये एका सैनिकाने इश्वालचं एक पोर गोळी घालून मारलं, त्यातून सात वर्षं युद्ध चाललं, आणि १९०८ मध्ये आदेश क्रमांक ३०६६ काढून अल्केमिस्टांच्या हातून ती सगळी भूमी साफ करण्यात आली. ती पहिली गोळीसुद्धा सैनिकाचं रूप घेतलेल्या एन्वीने, म्हणजे रूप बदलणाऱ्या खलपात्राने, मुद्दाम झाडलेली होती.

आता मुद्दा. या मंगात अल्केमीच्या तीन पायऱ्या सांगितल्यात : आकलन, विघटन, पुनर्रचना. स्कार दुसऱ्या पायरीवर थांबतो, हे एडच्या लक्षात येतं. वस्तू कशाची आहे ते तो ओळखतो, ती मोडतो, आणि तिथेच सोडून देतो. अराकावाने हे निव्वळ लढाईचं तंत्र म्हणून ठेवलेलं नाही. तो उजवा हात त्याचा नाहीच, त्याच्या मोठ्या भावाचा आहे. भाऊ अल्केमी आणि शिंग देशाची विद्या दोन्हींचा अभ्यास करत होता. एका हातावर मोडायचं चिन्ह गोंदलेलं, दुसऱ्यावर घडवायचं. किंब्ली या सरकारी अल्केमिस्टाच्या हल्ल्यात स्कार मरणाच्या दारात असताना भावाने मोडणारा हात त्याला दिला आणि स्वतः गेला. त्यात इश्वालच्या धर्माप्रमाणे अल्केमी हेच मुळात पाप, कारण देवाने घडवलेलं बदलायचा अधिकार माणसाला नाही. म्हणजे लोकांचा सूड घेताना प्रत्येक वेळी तो आपल्याच लोकांच्या धर्माचं उल्लंघन करतो, आणि तेही ज्या भावाला त्याने या अभ्यासाबद्दल बोल लावले होते त्याच्याच हाताने. एका पात्राच्या शरीरात एवढं सगळं भरून ठेवलेलं मी तरी दुसऱ्या शोनेन (किशोरांसाठीच्या) मंगात पाहिलेलं नाही.

पण मला खरं लिहायचंय ते एड-अलच्या बालमैत्रिणीबद्दल, विन्रीबद्दल. तिचे आईवडील, रॉकबेल दांपत्य, दोघंही डॉक्टर. युद्धात ते इश्वालच्या जखमींवर उपचार करत राहिले. स्कार त्यांच्याच दवाखान्यात शुद्धीवर येतो, खांद्याला भावाचा हात लागलेला बघतो, समोर शत्रूच्या देशाची माणसं बघतो आणि भान सुटून त्या दोघांना मारतो. ज्यांनी त्याला वाचवलं त्यांनाच. पुढे अराकावा विन्रीला त्याच्यासमोर दोनदा उभं करते. पहिल्यांदा तिच्या हातात पिस्तूल असतं आणि ती चाप ओढू शकत नाही. दुसऱ्यांदा, उत्तरेकडच्या ओसाड खाणगावात, ती त्याच्या जखमेला पट्टी बांधते. आईबाबा इथे असते तर त्यांनी हेच केलं असतं, म्हणून. आणि त्याच दमात स्पष्ट सांगते की तुला मी माफ केलेलं नाही.

ही सगळी मंगा एका नियमावर उभी आहे : काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं काही द्यावं लागतं. त्या पट्टीच्या पानावर हा नियम लागू होत नाही. विन्रीला आईवडील परत मिळत नाहीत, स्कारला माफी मिळत नाही, कुणाचंच काही फिटत नाही. तरी एका माणसाचं वाहणारं रक्त थांबतं. शेवटच्या प्रकरणात दोघं भाऊ म्हणतात की दहा मिळाले तर त्यात आपलं एक घालून अकरा द्यायचे. ते सिद्धांत म्हणून शेवटी सुचलं. विन्रीने ते कितीतरी आधी करून दाखवलं, तेही अशा माणसासाठी ज्याने तिला काहीच दिलेलं नव्हतं, उलट सगळं हिरावून नेलं होतं. स्कार नसता तर हे पान आलंच नसतं.

रातराणी

रुमाल टाकून ठेवते. सविस्तर रात्री लिहिते, याच्यावर बोलायचं बरंच आहे.

निहोंगो_तळेगाव

+१. पट्टीच्या प्रसंगाला जोडून एक गोष्ट. त्यानंतर स्कारला त्याच्या गुरूचं बोलणं आठवतं, आणि माझ्यासाठी स्कारच्या सगळ्या प्रवासाची किल्ली तिथे आहे. गुरू म्हणतात की अन्यायाला माफी देऊच नये, माणूस असाल तर राग आलाच पाहिजे. पण तो राग आत सोसावा लागतो, कारण द्वेषाची साखळी कुणीतरी तोडल्याशिवाय तुटत नाही. हे त्याने आधीही ऐकलेलं असतं, पण तेव्हा ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. एका मुलीने जखम बांधल्यावर पोचतं.

हे मी मूळ जपानीत वाचलं. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकत होतो तेव्हा सरांनी मुद्दाम शोनेन मंगा वाचायला सांगितल्या होत्या, कारण त्यांत प्रत्येक कांजीशेजारी (चिनी चित्राक्षराशेजारी) उच्चार छापलेला असतो आणि शब्दकोशासाठी सारखं थांबावं लागत नाही. आता चाकणला दुभाष्याचं काम करतो, दिवसभर यंत्रांच्या सुट्या भागांची चर्चा भाषांतरित करतो. पण त्या म्हाताऱ्या गुरूंची ती दोन पानं मला आजही तोंडपाठ आहेत.

ऑटोमेल

धागा मनापासून लिहिलाय हे दिसतंय, पण मला मुख्य मुद्दा पटत नाही. बागेत विरोध करणाऱ्यांत मी होते, म्हणून माझी बाजू मांडते.

माझा आक्षेप स्कार असण्याला नाही, त्याला मिळालेल्या शेवटाला आहे. रॉकबेल दांपत्याचा खून झाला, त्याची कुठेही सुनावणी नाही. स्वतःच्या मुलीचा प्रयोगात बळी देणाऱ्या शू टकरबरोबर त्या मुलीला, नीनालाही त्याने मारलं. ते दुःखातून सोडवणं होतं असं बरेच चाहते म्हणतात, आणि त्या वेळी तिच्यासाठी दुसरं काही करता आलं नसतं हेही मला मान्य आहे. पण तो निर्णय त्याने एकट्याने घेतला, एका लहान मुलीबद्दल. किती सरकारी अल्केमिस्ट त्याच्या हातून गेले याची तर यादीही पूर्ण दिली जात नाही, आणि त्यांच्या घरीही कुणीतरी विन्री असेलच की. मग शेवटी काय होतं? सरकारदरबारी तो मेलेला, आणि सैन्यातल्या माइल्सबरोबर इश्वाल उभारायला मोकळा. मला विन्री अत्यंत प्रिय आहे. तिने पट्टी बांधली ही तिची थोरवी. ती थोरवी स्कारच्या खात्यावर कशी जमा करायची?

पांढरा_कोट

मी पुण्यातच एका रुग्णालयात अपघात विभागात आहे, त्यामुळे माझं लक्ष सतत रॉकबेलांकडे जातं.

आमच्याकडे भांडणातले दोन्ही बाजूंचे जखमी एकाच वेळी येतात. कुणी आधी मारलं हे आम्ही विचारत नाही, कुणाचा श्वास आधी अडकलाय ते बघतो. वाचायला हे सोपं वाटतं. बाहेर नातेवाईक एकमेकांवर धावून जात असताना आत हात स्थिर ठेवणं सोपं नसतं. रॉकबेलांना तर स्वतःच्याच देशाच्या सैन्यापासून धोका होता. ते निघून जाऊ शकत होते, तरी थांबले.

म्हणून ऑटोमेल, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की ती थोरवी स्कारच्या खात्यावर जमा होतच नाही. पट्टी बांधताना विन्री स्कारबद्दल काही ठरवत नसते, आपण कुणाची मुलगी आहोत हे ठरवत असते. डॉक्टरने केलेल्या उपचारात रुग्णाची लायकी धरलेली नसते. त्या प्रसंगात स्कारला एवढंच कळतं की आपण जे दोन जीव घेतले ते नेमके कसे होते. खुनी माणसाला यापेक्षा जड शिक्षा मला तरी सुचत नाही.

चित्रगुप्ता

चित्रांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. चष्म्याकडे लक्ष गेलंय का कुणाचं?

इश्वालच्या माणसाची ओळख म्हणजे लाल डोळे. मंगा काळ्यापांढऱ्यात, तिथे लाल रंग दाखवणार कसा? अराकावाने रंग दाखवण्याऐवजी लपवण्यावर भर दिलाय. सुरुवातीचा स्कार काळा चष्मा लावून शहरात फिरतो. तो चष्मा उतरला की आपल्याला कळतं, आता काहीतरी घडणार. मग पुढे उत्तरेकडच्या ब्रिग्जच्या किल्ल्यात मेजर माइल्स येतो, त्यालाही गडद चष्मा. बर्फात राहणाऱ्याला तो लागतोच, त्यामुळे वाचकाला संशय येत नाही. आणि मग तो एडसमोर चष्मा काढतो. त्याचे आजोबा इश्वालचे होते. एकाच रंगाचे डोळे लपवणारे दोघं : एक गणवेश घातलेल्यांना मारतोय, दुसऱ्याने तोच गणवेश घातलाय. ही जोडी अराकावाने शब्दांच्या आधी वस्तूने जुळवली.

अजून एक. तिची रेष जाड आणि साधी आहे, नटवी नाही. स्कारचे हात ती अंगाच्या मानाने मोठे काढते आणि बोटांवर नेहमी वेळ खर्च करते. त्यामुळे अगदी शेवटी, देशाचा सत्ताधीश ब्रॅडलीशी लढताना, डाव्या हातावरचं गोंदण दिसतं तेव्हा धक्का चित्रातूनच बसतो. त्याने घडवणारं चिन्ह स्वतःच्या हातावर गोंदवून घेतलेलं असतं. मुठाकाठ म्हणते ती तिसरी पायरी ही. ते पान मी अभिनव कला महाविद्यालयाच्या वसतिगृहात भिंतीवर मोठं करून काढलं होतं.

पेठेतला_वाचक

मंगा मी मुलीमुळे वाचायला लागलो. अप्पा बळवंत चौकातून तिची कॉलेजची पुस्तकं आणायला जातो तेव्हा तिच्या यादीत हल्ली एखादा खंड असतोच. स्कारबद्दल वाचताना मला सारखा अश्वत्थामा आठवत राहिला.

वडिलांना कपटाने मारलं, हा त्याचा राग खरा होता. त्या रागात तो रात्री छावणीत शिरला आणि द्रौपदीची झोपलेली पाच मुलं मारली. मग कपाळावरचा मणी गेला, जखम राहिली आणि तीन हजार वर्षं भटकायचा शाप मिळाला. आपल्याकडे तर तो अजून जखमेला तेल मागत फिरतो असं म्हणतात. रास्त संताप, निरपराध बळी, चेहऱ्यावरची खूण, माणसांतून उठणं, सगळं जुळतं. द्रौपदीही जुळते. महाभारतात ती त्याचा जीव मागते आणि शेवटी मण्यावर थांबते, पण भागवतात ती म्हणते की याला सोडा, मी जशी मुलांसाठी रडते तशी याची आई रडायला नको. विन्रीच्या त्या पानावर मला हीच द्रौपदी दिसली.

फरक पुढे आहे. अश्वत्थाम्याला कुणी काही काम सांगितलं नाही. त्याला मरण नाही आणि दुरुस्तीही नाही. अराकावाने स्कारला काम दिलं. भावाच्या वह्या शोधायच्या, त्यांतली आकृती लावायची, मग उद्ध्वस्त गावं वसवायची. मला हा न्याय शापापेक्षा कठीण वाटतो, कारण त्यात रोज सकाळी उठून ज्यांच्यामध्ये आपण वाढलो त्यांना तोंड दाखवावं लागतं.

तळजाई

पेठेतले काका, प्रतिसाद फार आवडला. मुलीला सांगा, पुढच्या भेटीला तुम्हालाही घेऊन यायचं.

ज्यांनी फक्त २००३ ची अॅनिमे मालिका पाहिली आहे त्यांनी एक लक्षात घ्या, त्यातला स्कार वेगळा आहे. तेव्हा मंगा अर्ध्यातही नव्हती, त्यामुळे मालिकेने आपली वाट धरली. तिथे विन्रीच्या आईवडिलांना मारतो तो सैन्यातला अल्केमिस्ट मस्टँग, वरून आलेल्या हुकमावरून. स्कार लिओर शहरात परीस घडवून मरतो. ती मालिका मला आवडते, पण तिथे स्कार आणि विन्री यांच्यात कर्जच उरत नाही, त्यामुळे धाग्यात लिहिलेला मुद्दा त्या मालिकेपुरता लागू नाही. २००९ ची ‘ब्रदरहूड’ मंगाला धरून चालते. बागेत आपलं बोलणं जुळत नव्हतं त्याचं अर्धं कारण मला हेच वाटतं, दोघं दोन वेगवेगळ्या स्कारबद्दल बोलत होते.

रातराणी

आता सावकाश लिहिते.

मी स्कारकडे इश्वालच्या बाजूने येते. अराकावा होक्काइदोची, दूधदुभत्याचा व्यवसाय करणाऱ्या शेतकरी कुटुंबातली. होक्काइदो ही मूळची आयनू लोकांची भूमी. १८६९ मध्ये मेइजी सरकारने तिला हे नाव दिलं, दक्षिणेकडून माणसं नेऊन वसवली, आणि आयनूंची जमीन, भाषा, शिकारीचे हक्क एकेक करून गेले. जपानी संसदेने आयनूंना मूळनिवासी मानणारा ठराव केला तो थेट २००८ मध्ये, म्हणजे ही मंगा चालू असताना. वसवलेल्या बाजूच्या घरात वाढलेल्या मुलीने पुढे हुसकावलेल्या बाजूचा माणूस लिहिला, हे डोक्यात ठेवून स्कार वाचला की तो वेगळाच दिसतो.

आता पंधरावा खंड काढा. इश्वालचं युद्ध तिथे मस्टँगच्या हाताखालची सैनिक हॉकआय एडला सांगते. म्हणजे सांगणारी मारणाऱ्यांतली आहे. अराकावाने युद्धावर गेलेल्या माणसांशी बोलून हा भाग लिहिला, आणि ते जाणवतं, कारण त्यात शौर्याचं एकही पान नाही. मस्टँग, आर्मस्ट्राँग, ह्यूज, आपले लाडके सगळे तिथे आहेत आणि सगळ्यांचे हात भरलेले आहेत. सगळ्यात खरं बोलतो तो किंब्ली, ज्याची आपल्याला किळस येते. तो म्हणतो, मारताना नजर वळवू नका, ज्यांना मारताय त्यांना विसरू नका, ते तुम्हाला विसरणार नाहीत.

हे सगळं वाचून झाल्यावर मस्टँग आपल्याला परत आवडायला लागतो, कारण तो देखणा आहे, हुशार आहे, त्याची माणसं त्याच्यावर जीव टाकतात. या सोप्या प्रेमाच्या आड येतो तो स्कार. तो जोवर पानावर आहे तोवर ‘हुकूम होता’ हे वाक्य कुणालाच तोंडातून काढता येत नाही. डॉ. मार्कोचं बघा ना. इश्वालच्या माणसांपासून परीस बनवलेला हा माणूस स्कारपुढे मरण मागतो. स्कार मारत नाही. चेहरा विद्रूप करून त्याला बरोबर घेऊन जातो, कारण भावाचं संशोधन वाचायला मार्को हवा असतो. पुढे हाच मार्को इश्वालमध्ये डॉक्टर म्हणून जायला मागतो. एक पात्र दुसऱ्याला बदलतं ते असं, उपदेश न करता.

मुठाकाठ (धागाकर्ती)

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. ऑटोमेल, तुझ्या आक्षेपाला नीट उत्तर द्यायचंय.

सुनावणी नाही, हे खरं. पण या मंगात इश्वालसाठी कुणाचीच सुनावणी झालेली नाही. हॉकआय पंधराव्या खंडात एडला सांगते की मस्टँगचं स्वप्न पूर्ण झालं, देशात लोकशाही आली, तर आज वीर म्हणवणारे ते स्वतःच युद्धगुन्हेगार म्हणून उभे केले जातील, आणि ते हे जाणून तिकडे चाललेत. फक्त स्कारला कठड्यात उभं केलं असतं आणि बाकीच्यांना पदकं राहिली असती, तर अराकावाचं सगळं लिखाण खोटं पडलं असतं.

दुसरं, एन्वीचा प्रसंग आठव. मस्टँग आपला मित्र ह्यूज याच्या खुनाचा सूड घ्यायला निघालाय, एन्वी मुठीएवढा होऊन पडलाय, हॉकआयने मस्टँगच्या पाठीला पिस्तूल लावलंय. त्या क्षणी स्कार त्याला थांबवत नाही. म्हणतो, तुला अडवायचा मला अधिकार नाही, पण सूडाने जनावर झालेला माणूस राज्यावर बसून कसलं जग घडवणार ते बघायला मिळेल. हे वाक्य एडने म्हटलं असतं तर उपदेश झाला असता. इश्वालच्या माणसाने इश्वाल जाळणाऱ्याला म्हटलं, म्हणून मस्टँगचा हात खाली येतो. तो उद्याचा राज्यकर्ता ज्या दोनचार माणसांमुळे वाचला त्यांत स्कार आहे. हे तू कुठल्या खात्यात धरशील?

आणि आकृतीचं. भावाच्या वह्यांतून निघालेलं ते देशभर पसरणारं उलटं चक्र शेवटी स्कारनेच चालू केलं. ज्या विद्येला पाप म्हटलं, तिनेच त्याने ज्यांचा द्वेष केला त्या माणसांना त्यांची रोखून धरलेली अल्केमी परत दिली. मोडून थांबणाऱ्या माणसाचं तिथवर येणं मला अतिशय महत्त्वाचं वाटतं.

निहोंगो_तळेगाव

नावाचा मुद्दा राहिला. ब्रॅडली लढताना स्कारला नाव विचारतो. स्कार सांगतो की नाव टाकून दिलंय. ब्रॅडलीलाही स्वतःचं नाव नाही, लहानपणापासून त्याला राजा म्हणून घडवलेलं. मारणारा आणि मरणारा, दोघांचीही नावं या एकाच राष्ट्राने खाल्लेली. नंतर माइल्सही विचारतो, तेव्हा तो म्हणतो की मी दोनदा मेलेला माणूस, काय वाटेल ते म्हणा. अराकावाने शेवटपर्यंत त्याचं नाव सांगितलं नाही याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

ऑटोमेल

एन्वीच्या प्रसंगाचं पटलं. ते वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडी शोभलं नसतं, आणि त्या एका पानासाठी स्कार हवाच, हे मी मान्य करते. पांढरा_कोट यांचं ‘आपण कुणाची मुलगी आहोत’ हे तर आता मी विन्रीबद्दल नेहमी सांगेन.

पण नीनाबद्दल माझं मत तेच आहे. आणि एक उणीव मला खरंच सलते : शेवटच्या खंडात विन्री आणि स्कार एकदाही समोरासमोर येत नाहीत. इश्वाल वसतंय, रेल्वे चालू आहे, सगळे आपापल्या वाटेला लागलेत. तेव्हा त्याने विन्रीच्या गावी, रिझेंबूलला जाऊन त्या दोन थडग्यांसमोर उभं राहायला हवं होतं. विन्रीने दार उघडलं असतं की नाही ते तिने ठरवलं असतं. अराकावाने हा प्रसंग का टाळला यावर पुढच्या भेटीत बोलूया. शेवटचा खंड मी घेऊन येते, पंधरावा ज्याच्याकडे आहे त्याने आणा.

पेठेतला_वाचक

पंधरावा मुलीकडे आहे. आम्ही दोघंही येतो.